एका पानाची स्ट्रॉबेरी : रानातल्या फळाने बागेत विचारलेला प्रश्न

१/
अठराव्या शतकात, १७६० च्या दशकाच्या आरंभी, फ्रान्समधील व्हर्साय येथे एका किशोरवयीन मुलाने रानटी स्ट्रॉबेरीच्या बिया पेरल्या. उगवलेल्या रोपांपैकी एक रोप वेगळेच निघाले. स्ट्रॉबेरीच्या प्रत्येक देठावर तीन पर्णिका असतात, या रोपाच्या देठावर मात्र एकच पान होते. त्या पानाने मुलाला जो प्रश्न पडला, तो साऱ्या युरोपीय निसर्गविज्ञानाच्या पायाशी जाणारा होता : सजीवांच्या जाती सृष्टीच्या आरंभापासून जशाच्या तशा आहेत, की त्यांनाही इतिहास असतो? आजचा थ्रेड त्या रोपाविषयी, त्या मुलाविषयी आणि रानातून घरच्या बागेत आलेल्या एका चिमुकल्या फळाविषयी.

२/
आरंभीच एक खुलासा. ‘स्ट्रॉबेरी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर महाबळेश्वरची टपोरी, लालभडक फळे येतात. या कथेची नायिका ती नव्हे. ही आहे युरोपच्या जंगलांत, वाटांच्या कडेला, झुडपांच्या सावलीत आपोआप वाढणारी रानस्ट्रॉबेरी. शास्त्रीय नाव फ्रागारिया वेस्का. फळ करंगळीच्या नखाएवढे, पण सुगंध असा की मूठभर फळांनी खोली भरून जावी. तिचाच एक प्रकार आल्प्स पर्वतातला, म्हणून ‘आल्पाइन स्ट्रॉबेरी’. आपल्या ताटातली मोठी स्ट्रॉबेरी मात्र जेमतेम पावणेतीनशे वर्षांची आहे. म्हणजे शिवकाळात ती जगात कुठेही नव्हती.

३/
पुढची कथा कळण्यासाठी थोडे वनस्पतिशास्त्र. स्ट्रॉबेरीचा रसाळ भाग म्हणजे फुगलेले पुष्पासन, आणि त्याच्यावर टोचल्यासारखे दिसणारे पिवळसर दाणे ही तिची खरी फळे. प्रत्येक दाण्यात एक बी. हे रोप दोन प्रकारे वाढते. एक बीपासून. दुसरा प्रकार म्हणजे जमिनीलगत धावणारी लांब, दोऱ्यासारखी खोडे, ज्यांना आपले शेतकरीही ‘रनर’च म्हणतात. रनर मातीला टेकला की तिथे मुळे फुटून नवे रोप तयार होते. हे नवे रोप आईची हुबेहूब प्रतिकृती असते, बीपासूनचे रोप मात्र वेगळे निघू शकते. हा भेद लक्षात असू द्या. साऱ्या कथेची किल्ली इथेच आहे.

४/
माणूस ही फळे केव्हापासून खातो? लिखित पुरावे येण्याच्या फार आधीपासून. स्वित्झर्लंडमधील सरोवरांच्या काठी नवाश्मयुगीन वस्त्यांचे अवशेष सापडले. तिथल्या ओल्या चिखलात हे इवलेसे दाणे हजारो वर्षे टिकून राहिले. मध्ययुगीन शहरांच्या शौचकूपांच्या उत्खननांतही ते हमखास आढळतात. राजांच्या इतिहासासाठी ताम्रपट आणि बखरी असतात, फळांच्या इतिहासासाठी चिखल असतो. रोमन कवी व्हर्जिल आणि ओव्हिड यांनीही स्ट्रॉबेरीचा उल्लेख केला आहे. पण तो रानातून वेचण्याच्या फळाचा, बागेतल्या पिकाचा नव्हे.

५/
ती बागेत आल्याचा एक ठळक पुरावा चौदाव्या शतकातला. फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याच्या पॅरिसमधील लूव्र राजवाड्याच्या बागेत १३६८ साली झाँ द्युदुआ नावाच्या माळ्याने तब्बल १,२०० स्ट्रॉबेरीची रोपे लावली. आज लूव्र म्हटले की मोनालिसा आठवते, पण तेव्हा तिथे रानातून खणून आणलेल्या रोपांचे वाफे होते. राजाश्रय मिळाला म्हणून रोप बदलले असे मात्र नाही. रानातली आणि राजवाड्यातली रोपे एकच होती. बदलली होती ती फक्त जागा.

६/
त्यानंतर हे फळ चित्रांत आणि कथांत दिसू लागते. पंधराव्या शतकातील जर्मन प्रदेशांच्या धार्मिक चित्रांत मेरी आणि बालयेशूच्या पायाशी स्ट्रॉबेरीचे वाफे रंगवलेले आहेत. एकाच वेळी पांढरे फूल आणि लाल फळ धरणारे हे रोप पावित्र्याचे प्रतीक ठरले. इंग्लंडमध्ये मात्र त्याचा संबंध एका रक्तरंजित दिवसाशी जोडला गेला. थॉमस मोर याच्या वृत्तांतानुसार १३ जून १४८३ रोजी, पुढे तिसरा रिचर्ड म्हणून गादीवर आलेल्या ड्यूकने ईलीच्या बिशपकडे त्याच्या लंडनमधील बागेतल्या स्ट्रॉबेरी मागितल्या. त्याच सकाळी त्याने लॉर्ड हेस्टिंग्जचा शिरच्छेद करविला. शेक्सपियरने हा प्रसंग नाटकात घेतला आणि बिशपच्या स्ट्रॉबेरी अजरामर झाल्या.

७/
पण बाग म्हणजे केवळ राजे आणि बिशप नव्हेत. सोळाव्या शतकात थॉमस टसर या इंग्रज शेतकरी-कवीने शेतीचा पद्यमय मार्गदर्शक लिहिला. त्याच्या १५७३ च्या विस्तारित आवृत्तीत सप्टेंबर महिन्याच्या कामांमध्ये तो शेतकऱ्याच्या पत्नीला सांगतो की, रानात काट्याकुट्यांत वाढणाऱ्या स्ट्रॉबेरींपैकी चांगली निवडून आणावी आणि परसात तिचा वाफा करावा. ही ओझरती सूचना इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे. परसबाग ही बाईची जबाबदारी होती, रोपे विकत न आणता रानातून आणली जात, आणि ती ‘निवडून’ आणायची असत. म्हणजे निवड करणारी नजरही तिचीच. तिचे नाव मात्र कोणत्याही कागदावर नाही.

८/
इथे एक कोडे उभे राहते. माणसाने गव्हाचे दाणे मोठे केले, सफरचंदे गोड केली, रानटी कोबीपासून फुलकोबीही काढली. मग चारशे वर्षे बागेत राहूनही ही स्ट्रॉबेरी नखाएवढीच का राहिली? उत्तराचा एक भाग रनरमध्ये आहे. माळी मुख्यतः रनरची रोपे लावत. प्रत्येक रोप आईची प्रतिकृती, म्हणजे नवे काही जन्मालाच येत नव्हते. उत्तराचा दुसरा भाग तिच्या पेशीत दडलेला होता आणि तो विसाव्या शतकापर्यंत कोणाला दिसणार नव्हता. बागेने तिला खत दिले, पाणी दिले, पण ती रानातलीच राहिली.

९/
अठराव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सच्या बागांत आल्प्सकडून नवी पाहुणी आली. साधी रानस्ट्रॉबेरी वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या सुरुवातीला फळते. ही आल्पाइन स्ट्रॉबेरी मात्र वसंतापासून थंडीपर्यंत फुलत-फळत राही. फ्रेंचांनी तिला ‘महिन्या-महिन्याची स्ट्रॉबेरी’ म्हटले. पुढे एकोणिसाव्या शतकात तिचे रनर न फुटणारे वाणही बागांत रुजले. रनर नाहीत म्हणजे वाफा विस्कटत नाही, रोप एका जागी डेरेदार राहते आणि वाटेच्या कडेला ओळीने लावता येते. पण मग नवी रोपे कशी मिळवायची? गड्डा विभागून, नाहीतर बी पेरून. आणि बी पेरले की प्रत्येक रोप थोडे वेगळे निघण्याची शक्यता उघडते.

१०/
आता दृश्य बदलून अमेरिका खंडांकडे वळू. युरोपीय वसाहतींनंतर उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया स्ट्रॉबेरी सतराव्या शतकात युरोपात पोहोचली. ती गडद लाल आणि सुगंधी होती, पण फळ काही फार मोठे नव्हते. खरा चमत्कार दक्षिण अमेरिकेत चिलीच्या किनाऱ्यावर होता. तिथल्या मापुचे लोकांनी युरोपीय येण्यापूर्वीच, शतकानुशतके जपून आणि निवडून मोठ्या फळांची, फिकट रंगाची स्ट्रॉबेरी घडवली होती. जे युरोपला चारशे वर्षांत साधले नव्हते, ते त्यांनी स्वतःच्या वनस्पतीवर आधीच साधले होते. मोठ्या स्ट्रॉबेरीच्या कथेत त्यांचे नाव बहुधा तळटीपेत जाते, वास्तविक ते पहिल्या ओळीत असावयास हवे.

११/
१७१२ साली फ्रेंच लष्करी अभियंता आमेदे फ्रांस्वा फ्रेझिए हा चिलीकडे निघाला. काम होते स्पॅनिश किल्ले आणि बंदरे यांची गुप्त पाहणी करणे, वेष होता व्यापाऱ्याचा. योगायोग असा की ‘फ्रेझिए’ हे आडनाव स्ट्रॉबेरीच्या ‘फ्रेझ’ या फ्रेंच नावापासूनच आलेले! कोन्सेप्सिओनजवळ त्याने अक्रोडाएवढी फळे पाहिली. परतीच्या सुमारे सहा महिन्यांच्या प्रवासात गोडे पाणी मोजून मिळे. तरीही पाच रोपे जिवंत पोहोचली, कारण जहाजावरील मालाच्या अधिकाऱ्याने त्यांना पाणी मिळू दिले. १७१४ मध्ये जहाज मार्सेयला लागले. दोन रोपे त्या अधिकाऱ्याला मिळाली, तर एक पॅरिसच्या शाही उद्यानात गेले.

१२/
पण रोपे वाढली, फुलली, आणि बहुतेक ठिकाणी फळेना. असे का होते, हे अनेक वर्षे कोणाला उमगले नाही. चिलीच्या या स्ट्रॉबेरीत नर आणि मादी रोपे वेगवेगळी असतात. फ्रेझिएने आणलेली रोपे मादी होती. ब्रिटनी प्रांतात प्लुगास्तेलच्या शेतकऱ्यांनी अनुभवाने मार्ग काढला. चिलीच्या रोपांशेजारी दुसऱ्या जातीची स्ट्रॉबेरी लावली की भरघोस फळ येते, हे त्यांनी हेरले. त्यामागचे कारण उलगडण्याचे काम मात्र थ्रेडच्या सुरुवातीला भेटलेल्या मुलाकडे आले.

१३/
त्याचे नाव आंत्वान निकोला द्युशेन. जन्म १७४७, व्हर्सायमध्येच. वडील राजाच्या इमारतींच्या व्यवस्थेत अधिकारी, त्यामुळे राजाच्या बागा त्याला परक्या नव्हत्या. विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ बेर्नार द ज्युसिए याचे मार्गदर्शन त्याला लाभले. द्युशेनने चिलीच्या मादी फुलांवर युरोपातील कस्तुरी-गंधाच्या स्ट्रॉबेरीचे पराग टाकले आणि फळे धरली. ६ जुलै १७६४ रोजी त्याने ती भरघोस फळे राजा पंधरावा लुई याच्यापुढे ठेवली. तेव्हा त्याला सतरावे वर्षही पुरे झाले नव्हते. वनस्पतींची आवड असलेला राजा प्रसन्न झाला आणि त्रियानों येथील बागेत युरोपभरच्या स्ट्रॉबेरी जमवण्याची अनुमती मिळाली.

१४/
आता पुन्हा त्या एका पानाच्या रोपाकडे येऊ. द्युशेनने ज्या बिया पेरल्या, त्या नेहमीच्या तीन पर्णिकांच्या रानस्ट्रॉबेरीच्या होत्या. मग हे रोप कुठून आले? त्याने ते जपले आणि त्याच्या पुढच्या पिढीतही तोच विशेष उतरलेला पाहिला. म्हणजे हा रोग नव्हता, क्षणिक विकृतीही नव्हती. त्याच्या डोळ्यांदेखत काहीतरी नवे जन्मले होते आणि ते वारशाने पुढे जात होते. बागेत अशी वेगळी रोपे पूर्वीही उगवली असणार. कोणी ती तण म्हणून उपटली असतील, कोणी कौतुकाने ठेवली असतील. द्युशेनने त्या रोपाला पुरावा मानले.

१५/
या पुराव्याने मोठा पेच निर्माण केला. त्या काळची सर्वमान्य समजूत अशी की जाती ईश्वराने निर्माण केल्या आणि त्या अचल आहेत. एका पानाच्या स्ट्रॉबेरीला स्वतंत्र जाती मानावे, तर नवी जाती आज, बागेत, जन्माला येऊ शकते हे मान्य करावे लागते. तिला केवळ वाण म्हणावे, तर दुसरा प्रश्न येतो : ज्यांना आपण स्वतंत्र जाती म्हणतो, त्यांपैकी कितीजणी अशाच जुन्या वाण असतील, ज्यांचा जन्म पाहायला कोणी हजर नव्हते? दोन्ही वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचतो. वनस्पती ओळखायची तर केवळ तिचे रूप पुरेसे नाही, तिची वंशावळ हवी.

१६/
१७६६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, द्युशेनने ‘स्ट्रॉबेरींचा नैसर्गिक इतिहास’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात स्ट्रॉबेरींच्या वाणांची चक्क वंशावळ मांडलेली आहे, एखाद्या राजघराण्याची मांडावी तशी. वनस्पतींच्या अशा सर्वांत जुन्या वंशावळींत तिची गणना होते. तेव्हाचा सर्वश्रेष्ठ वर्गीकरणकार म्हणजे स्वीडनचा कार्ल लिनीयस. त्याने १७५३ मध्ये चिलीच्या स्ट्रॉबेरीलाही फ्रागारिया वेस्काचाच एक प्रकार ठरवले होते. द्युशेनचा त्याच्याशी पत्रव्यवहार होता, तरी कोणाचा संकर कोणाशी होतो याच्या आधारे त्याने जाती वेगळ्या केल्या. लिनीयसचे या फळावर प्रेम मात्र खरे, आपले गाउटचे दुखणे रानस्ट्रॉबेरींनी बरे झाले असे तो सांगत असे.

१७/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी सावध राहावे. ‘द्युशेन हा डार्विनच्या आधीचा डार्विन’ असे वाक्य आकर्षक वाटते, पण ते टिकत नाही. डार्विनचा ‘जातींचा उगम’ हा ग्रंथ १८५९ चा. त्यात नैसर्गिक निवडीची यंत्रणा आहे, द्युशेनकडे ती नव्हती. सर्व सजीव एकाच पूर्वजापासून आले, असाही त्याचा दावा नव्हता. त्याने केले ते एवढेच की स्ट्रॉबेरीच्या लहानशा परिघात ‘हे काय आहे?’ या प्रश्नाला ‘हे कुठून आले?’ हा प्रश्न जोडला. निसर्गाच्या अभ्यासात इतिहास आणला. एवढे श्रेय पुष्कळ आहे, त्यावर वर्ख लावण्याची गरज नाही.

१८/
त्याच्या अभ्यासातून आणखी एक गाठ सुटली. युरोपच्या बागांत तेव्हा अननसासारख्या वासाची, मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी दिसू लागली होती. तिचे मूळ कोणालाही ठाऊक नव्हते. द्युशेनने ओळखले की ही चिली आणि व्हर्जिनिया या दोन स्ट्रॉबेरींचा संकर आहे. अमेरिका खंडाच्या दोन टोकांच्या वनस्पती युरोपच्या वाफ्यांत शेजारी आल्या आणि मधमाश्यांनी उरलेले काम केले. आजची बाजारातली स्ट्रॉबेरी ती हीच. पुढे लंडनजवळ आयलवर्थ येथील बागायतदार मायकेल कीन्स याने १८२१ मध्ये मोठ्या फळांचा गाजलेला वाण आणला आणि बाजारावर संकराचे राज्य सुरू झाले.

१९/
रानस्ट्रॉबेरी या शर्यतीत का हरली, हे समजायला अवघड नाही. फळ लहान, त्यामुळे एक टोपली भरायला शेकडो फळे खुडावी लागतात. फळ इतके नाजूक की संध्याकाळपर्यंत मऊ पडते, दूरच्या प्रवासाची तर गोष्टच नको. बाजाराला आकार, टिकाऊपणा आणि एकसारखेपणा लागतो, तिच्याजवळ यांतले काहीच नाही. म्हणून ती जिथे तोड आणि तोंड यांत चार पावलांचेच अंतर असते तिथे राहिली, म्हणजे घरच्या बागेत. ‘बारॉन सोलेमाखर’, ‘रेन द व्हाले’ यांसारखे आल्पाइन वाण आजही युरोपच्या परसांत लावले जातात, आणि पिवळसर-पांढऱ्या फळांचेही. पांढरे फळ पक्ष्यांच्या नजरेत कमी भरते, हा त्याचा वेगळा फायदा.

२०/
तिची लागवड आजही बरीचशी जुन्याच रीतीने होते. बी अगदी बारीक असते, म्हणून ते मातीत पुरत नाहीत. भुसभुशीत, ओल्या मातीवर नुसते भुरभुरवतात, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. पेरण्यापूर्वी काही आठवडे थंडी दिली तर उगवण सुधारते. आल्प्समध्ये हे काम बर्फ करतो, घरी शीतकपाट. अंकुर दिसायला दोन-चार आठवडे, कधी अधिकही लागतात. रोपांना सकाळचे कोवळे ऊन, दुपारी सावली, पालापाचोळ्याचे खत आणि सतत ओल हवी. तीन-चार वर्षांनी झुडूप म्हातारे होते, मग गड्डा विभागून किंवा बी पेरून नवी पिढी आणायची. महाराष्ट्रातील मैदानी प्रदेशाचा उन्हाळा तिला सोसणे कठीण.

२१/
आता आठव्या पोस्टमधले कोडे सोडवू. विसाव्या शतकात पेशीतील गुणसूत्रे मोजता आली. रानस्ट्रॉबेरीत ती १४ असतात, म्हणजे सातांचे दोन संच. चिली, व्हर्जिनिया आणि त्यांचा संकर यांच्यात ५६, म्हणजे आठ संच. म्हणून चिली आणि व्हर्जिनिया यांची संतती सहज फळते, पण रानस्ट्रॉबेरीचा मोठ्या स्ट्रॉबेरीशी संकर केला तर संतती सहसा वंध्य निघते. चिलीचा मोठेपणा रानस्ट्रॉबेरीच्या वंशात उतरण्याची वाट अशी बंदच होती. आणि सर्वांत सुंदर भाग पुढे आहे. मोठ्या स्ट्रॉबेरीचा जनुकसंच २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसले की त्या आठ संचांत उत्तर अमेरिकेतील रानस्ट्रॉबेरीच्या वंशाचाही वाटा आहे. हरलेली ही जिंकलेलीची पूर्वज निघाली.

२२/
रानस्ट्रॉबेरीचा स्वतःचा जनुकसंच २०११ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर आल्पाइन स्ट्रॉबेरी वर्षभर का फुलते, हेही उलगडले. उन्हाळ्याच्या लांब दिवसांत फुलणे रोखून धरणारे एक जनुक असते. आल्पाइन प्रकारात त्या जनुकातील केवळ दोन अक्षरे गळालेली आहेत, त्यामुळे ते निकामी होते आणि रोप फुलतच राहते. रनर न फुटण्यामागेही असाच एका जनुकातील बिघाड आहे. माळ्यांनी ज्याला गुण म्हणून जपले, तो रेणूंच्या भाषेत दोष आहे. रानात असे रोप कदाचित मागे पडले असते. बागेत त्याला आश्रय मिळाला, कारण तिथे कोणीतरी ते पाहत होते.

२३/
महाराष्ट्राचा या कथेशी संबंध आहे, पण तो मोठ्या बहिणीकडून. इंग्रजांनी महाबळेश्वरला थंड हवेचे ठिकाण केले आणि त्यांच्या काळात तिथे स्ट्रॉबेरी आली. ती म्हणजे चिली आणि व्हर्जिनिया यांच्या त्याच संकराची वंशज. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. पावसाळा सरता सरता तिथे रनरची रोपे लावतात आणि हिवाळ्यापासून फळ सुरू होते. म्हणजे क्रीमबरोबर आपण खातो त्या फळात मापुचे लोकांची निवड, एका हेराचे जहाज आणि ब्रिटनीच्या शेतकऱ्यांची नजर, असे सारे एकत्र आले आहे. ‘स्थानिक’ हा शब्द वापरताना असा प्रवास ध्यानात ठेवावा.

२४/
रानस्ट्रॉबेरीची भारतीय भावंडे मात्र हिमालयात आहेत. तिथल्या उतारांवर फ्रागारिया न्युबिकोला ही जाती आपोआप वाढते, नेपाळीत तिला ‘भुईं ऐंसेलु’ म्हणतात. आणि भारतातील डोंगराळ भागांत आणखी एक रोप दिसते. पाने स्ट्रॉबेरीसारखी, फळ लाल, पण फूल पिवळे आणि चव जवळजवळ काहीच नाही. १८११ मध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स एडवर्ड स्मिथ याने द्युशेनच्या सन्मानार्थ या रोपाच्या गणाला ‘द्युशेनिया’ असे नाव दिले, आणि रोप झाले ‘द्युशेनिया इंडिका’. म्हणजे व्हर्सायच्या त्या मुलाचे नाव भारताच्या नावाशेजारी येऊन बसले. तेव्हा तो चौसष्टीच्या घरात होता. १८२७ मध्ये त्याचे निधन झाले.

२५/
पण आज अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ हे नाव वापरत नाहीत. वंशसंबंध तपासल्यावर हे रोप ‘पोटेन्टिला’ या दुसऱ्या गणातले ठरले, आणि त्याचे नाव झाले ‘पोटेन्टिला इंडिका’. वनस्पतीला तिच्या वंशावळीने ओळखावे, असे द्युशेनने १७६६ मध्ये सुचवले होते. त्याच कसोटीने त्याचे स्वतःचे नाव पुसले. याहून मोठा सन्मान अभ्यासकाच्या वाट्याला क्वचितच येतो. त्रियानोंची ती वनस्पतींची बागही उरली नाही. पंधरावा लुई १७७४ मध्ये वारला, जागा मारी आंत्वानेतकडे गेली आणि रोपांचा संग्रह पॅरिसला हलवला गेला.

२६/
थोडक्यात, या इतिहासातून काय घ्यावे? मोठ्या स्ट्रॉबेरीने बाजार जिंकला. लहानीने मात्र दोन गोष्टी दिल्या : एक प्रश्न, आणि तो प्रश्न विचारता येईल अशी जागा. ती जागा प्रयोगशाळा नव्हती, विद्यापीठही नव्हते, तो बागेतला एक वाफा होता. टसरच्या पुस्तकातील अनाम गृहिणीपासून व्हर्सायच्या मुलापर्यंत अनेकांनी हे रोप नफ्यासाठी नव्हे तर आवडीने राखले, म्हणून ते वेगळे पान कोणाच्या तरी दृष्टीस पडले. आपल्या आजीच्या परसातही बाजाराने नाकारलेला एखादा वाण असेल, घेवड्याचा किंवा वांग्याचा. त्याचे बी कोणाकडून आले, हे आजच विचारून लिहून ठेवा. वंशावळ सांगणारी माणसे फार काळ आपल्यासाठी थांबत नाहीत.

थ्रेड समाप्त. तुमच्या घरचा असा एखादा वाण असेल तर त्याची हकिगत खाली अवश्य लिहा.